ग्रेडियंट एलसीत शुद्ध पीएमएमएची दोन पीकं का येतात?

गिरणाकाठ (जळगाव)
नमस्कार. पॉलिस्टायरीन, पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक) आणि दोघांचा ब्लॉक कोपॉलिमर (एकाच साखळीत दोघांचे सलग तुकडे) असं मिश्रण आहे. जीपीसी (जेल क्रोमॅटोग्राफी) रेणूंच्या आकारमानावर वेगळं करते, तिथे तिन्ही एकाच ढिगात आले. म्हणून लिक्विड क्रोमॅटोग्राफीला (एलसी) साधा सिलिका कॉलम लावला. ग्रेडियंट असा: सुरुवातीला टोल्युइन, मग टीएचएफ (दुसरा सॉल्व्हंट) वाढवत १०० टक्के. डिटेक्टर ईएलएसडी (सॉल्व्हंट उडवून उरलेल्या कणांनी विखुरलेला प्रकाश मोजणारा). पॉलिस्टायरीन न अडकता निघतं, ते ठीक. पण नुसतं पीएमएमए स्टँडर्ड (शुद्ध संदर्भ नमुना) टाकलं तरी एक पीक (आलेखातला उंचवटा) पॉलिस्टायरीनच्याच वेळेला येतं, दुसरं टीएचएफ वाढल्यावर. नमुना टीएचएफमध्ये ५ मिग्रॅ/मिली, इंजेक्शन ५० मायक्रोलिटर. सर म्हणतात, स्टँडर्ड खराब आहे, नवीन मागव.

सातपुडा (शिरपूर)
थांब भो, मागवू नको. तुझं पहिलं पीकही पीएमएमएच आहे. टीएचएफ पीएमएमएला सिलिकावर चिकटू देत नाही, आणि तू ५० मायक्रोलिटर टीएचएफ एकदम आत सोडतोस. तो गोळा टोल्युइनमध्ये मिसळून पातळ व्हायच्या आत काही पॉलिमर त्याच्याबरोबर सरळ बाहेर पडतो, कंडक्टर पोचायच्या आत उतरून जाणाऱ्या फुकट्यासारखा. उरलेला चिकटतो आणि आपल्या वेळेला येतो. याला ब्रेकथ्रू म्हणतात.
खात्री करायची तर १० मायक्रोलिटर टाक. भेसळ असेल तर दोन पीकांचं प्रमाण साधारण तेच राहील. ब्रेकथ्रू असेल तर पहिलं खाली बसेल. मग नमुना टोल्युइनमध्येच विरघळव, दोन्ही पॉलिमर त्यात छान विरघळतात.

पांझरा (धुळे)
टोल्युइनच कशाला? ते स्वतःच यूव्ही शोषतं, त्यापायी यूव्ही डिटेक्टर आंधळा होतो. डायक्लोरोमिथेन घ्या, २६० नॅनोमीटरला पॉलिस्टायरीन स्वच्छ दिसेल.

सातपुडा (शिरपूर)
डिसेंबरात जरूर. मे महिन्यात जळगावात पारा ४४ ला, आणि डायक्लोरोमिथेन उकळतं ४० ला! लाइट गेली, एसी बंद पडला की पंपात बुडबुडे आणि प्रेशरचा तमाशा. शिवाय चिकटणं तापमानावरही ठरतं. दुपारी आणि रात्री वेगळ्या वेळेला पीकं आली तर कॉलमला शिव्या देऊ नका.

गिरणाकाठ (जळगाव)
टोल्युइनमध्ये विरघळवून १० मायक्रोलिटर टाकलं. सुरुवातीचं पीक गायब! सरांना क्रोमॅटोग्राम दाखवला, नुसतं "हं" म्हणाले. आता मिश्रणात तीन पीकं दिसतात, पण मधलं पीएमएमएला अगदी खेटून आहे. क्षेत्रफळावरून टक्केवारी काढू का?

सातपुडा (शिरपूर)
खेटणारच. ब्लॉकमधला पीएमएमएचा भाग लांब असला की तोच चिकटून बसतो, पॉलिस्टायरीनची शेपटी त्याला फारशी सोडवत नाही. त्या टप्प्यात ग्रेडियंट संथ कर.
टक्केवारी थेट काढू नको. ईएलएसडी सरळ रेषेत चालत नाही, कमी मात्रेला हमखास कमी दाखवतो. शिवाय टीएचएफचं प्रमाण बदललं की त्याचा प्रतिसादही हलतो. तिन्हींचे वेगवेगळे कॅलिब्रेशन कर्व्ह (माहीत मात्रेला किती सिग्नल येतो त्याचे आलेख) काढ. ब्लॉकचं शुद्ध स्टँडर्ड आहे का तुझ्याकडे?