वेअरहाऊस येतंय, पण नोकऱ्या कुणाच्या?

खाडीकाठचा: उरण पट्ट्यात अजून एक मोठं गोदाम उघडतंय, बोर्डावर "स्थानिकांना रोजगार". आनंद आहे. पण कंपनीच्या पे-रोलवर किती आणि ठेकेदाराकडे किती ते कोणी सांगेल का? १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं, १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, भातशेती गेली, मिठागरं गेली आणि आज बारावी झालेला पोरगा तिथेच लोडिंग करतो, अकरा महिने झाले की ब्रेक, मग नवीन गेटपास.

करंजाची सून: दादा ब्रेक देतात ते चूकच, पण माझी जाऊ पॅकिंगला जाते. आधी पहाटे धक्क्यावरून मच्छी घ्यायची, टोपली घेऊन दारोदार फिरायची, पावसाळी बंदीत हात रिकामे. आता हातात स्कॅनर, नाक्यावरून बस, पीएफ कापतात. उभं राहून पाय सुजतात तिचे, तरी म्हणते परत टोपली नको.

रिकामा_कंटेनर: पीएफवर भुलू नका ताई. मी सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात होतो, आमचंही असंच झकास चाललेलं. मग डीपीडी वाढलं, म्हणजे कंटेनर बंदरातून थेट कारखान्यात, मधल्या यार्डाचं कामच कमी. पहिले कोण गेले? ठेक्यावरचे.

मु_पो_संगमेश्वर: तुम्हाला निदान रडायला गोदाम तरी आहे 😀 आमच्याकडे वाडीत म्हातारी माणसं उरलीत, पोरं सगळी मुंबईला. आणि खरं बोलू का, आपल्याला सुपरवायझरच व्हायचं असतं, फोर्कलिफ्ट शिका म्हटलं की तोंड वाकडं, मग बाहेरचे येणारच.

खाडीकाठचा: शिकलेत हो पोरं. गेटवर दोन वर्षांचा अनुभव मागतात, तो काय घरी भाताच्या पोत्यांवर घ्यायचा?

रिकामा_कंटेनर: ओझी उचलणाऱ्यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे की, माथाडी बोर्डात कामगारांची टोळी नोंदवा.

मु_पो_संगमेश्वर: हो, आणि माथाडीच्या नावाखाली हप्ता मागणारे पण येतील मागोमाग.

खाडीकाठचा: खरे माथाडी वेगळे, ते वेगळे. ते जाऊदे, ग्रामसभेत ठराव घेऊ, पे-रोलवरचा आकडा कंपनीने लेखी द्यायचा आणि गावातली पोरं ट्रेनी म्हणून घ्यायची.

करंजाची सून: ठराव घ्या, पण मांडणार कोण? लोडिंगचा ठेका आपल्याच माजी सरपंचाच्या भाच्याने घेतलाय.