पाय दुमडतात म्हणून सीट फिरवायची घाई नको

पोरगं वर्षाचं झालं, पाय मागच्या सीटला टेकतात म्हणून कारसीटचं, म्हणजे गाडीत पोरांना बसवायच्या खास सीटचं, तोंड पुढं करू का असं कुणी विचारलं, तर नका करू एवढ्यात. पाय दुमडले तर चालतंय की, पोरं मस्त मांडी घालून बसतात, खरा प्रश्न मानेचा, समोरून धडक बसली की उलट्या, म्हणजे गाडीच्या मागं तोंड केलेल्या सीटची पाठ डोकं, मान सगळं एकत्र झेलते. युरोपच्या आर-१२९ या कारसीटच्या नियमात १५ महिन्यांच्या आत पुढं तोंड चालतच नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१८ला वयाची अटच काढली, सीटच्या लेबलवरची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटीच ठेवा म्हणतात. फक्त गाडीच्या पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच नको. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात सीटच्या पट्ट्याचं बकल असलं तापतं, आधी स्वतःचा हात लावून बघत जा.