अनुभव धागा: खान्देशकरांनो, तुमची पहिली स्पर्धात्मक पोकेमॉन टीम कशी उभी राहिली?

धागाकर्ता, जळगाव

नमस्कार मंडळी. २००३ साली कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन सुरू झालं तेव्हा शाळेत असलेली पोरं आता तिशीत आहेत आणि त्यांची भाचरं मोबाइलवर शोडाउन (पोकेमॉनच्या लढती खेळायची वेबसाइट) उघडून बसतात. दोन्ही पिढ्या अडतात मात्र एकाच जागी. गोष्टीतला खेळ एकच तगडा पोकेमॉन वाढवत नेला तरी जिंकता येतो. समोर माणूस बसला की तसं चालत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे खेळणारे पुष्कळ आहेत, पण मराठीत विचारायला जागा नाही, म्हणून हा धागा. सिंगल्स (मैदानात एकास एक), डबल्स (दोघांसमोर दोघं), मोबाइलवरचं पोकेमॉन गो, काहीही लिहा. नुसती सहा नावं नकोत, कोण कशासाठी घेतला ते लिहा.

सुरुवात मी करतो. टीम दोघांपासून सुरू करावी असं माझं ठाम मत आहे. उरलेले चार त्या दोघांच्या गरजेतून सुचत जातात. मला गारचॉम्प हवा होता. प्रत्येक पोकेमॉनचे एक-दोन प्रकार असतात आणि कोणता मार किती लागतो ते त्यावर ठरतं. तो ड्रॅगन-ग्राउंड, म्हणजे आइसचा मार चौपट, ड्रॅगन आणि फेअरीचा दुप्पट. ड्रॅगन आणि फेअरी झेलायला फ्लाइंग-स्टील कॉर्विनाइट घेतला, कारण त्याला दोन्ही अर्धेच लागतात. कॉर्विनाइटला खुपतात फायर आणि इलेक्ट्रिक. त्यातलं इलेक्ट्रिक गारचॉम्पला लागतच नाही, फायर अर्धं लागतं. म्हणजे दोघं एकमेकांच्या जागी येऊन उभे राहू शकतात. उरला आइस, जो कॉर्विनाइटलाही पुरेपूर लागतो. तिथे रोटॉम-वॉश आला. आइस आणि फायर दोन्ही त्याला अर्धे, लेव्हिटेट क्षमतेमुळे ग्राउंड शून्य. त्याची एकुलती एक कमजोरी ग्रास, आणि ग्रास तर कॉर्विनाइट पाव मारावर झेलतो. हे तिघं कागदावर बाणांनी जोडले तेव्हा टीम म्हणजे काय ते मला उमगलं.

दुसरी गोष्ट वेगाची. ईव्ही, म्हणजे वेग, अटॅक, बचाव यांवर आपण वाटून द्यायचे सरावाचे गुण, एकूण ५१०, एकावर जास्तीत जास्त २५२, आणि लेव्हल १०० ला चार ईव्हीमागे एक गुण वाढतो. गारचॉम्पचा मूळ वेग १०२. वेगात पूर्ण ईव्ही आणि वेग वाढवणारं जॉली नेचर (स्वभाव) दिलं तर ३३३ होतो. मूळ १०० वेगाचा पोकेमॉन तेवढंच सगळं करून ३२८ वर थांबतो. या पाच गुणांवर आधी मार कोण देणार ते ठरतं. टीम बांधताना प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याचा वेग लिहून ठेवा, एवढं मी आग्रहाने सांगेन.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

मी पॉलिटेक्निकला आहे. स्विच घ्यायला घरी पैसे मागणं शक्य नव्हतं, सगळं शोडाउनवरच शिकलो. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, पोकेमॉन पकडायचे नाहीत, वाढवायचे नाहीत, टीम लिहायची आणि लॅडरवर (गुणांच्या क्रमवारीत) उतरायचं. नवं खातं १००० गुणांवर सुरू होतं आणि त्याखाली जात नाही, त्यामुळे नवख्याने हरायची धास्ती घेऊ नये भो.

मी पावसाची टीम घेतली, कारण तिचं काम एका वाक्यात सांगता येतं: पाऊस आहे तोवर मारून घ्या. पेलिपर मैदानात आला की त्याच्या ड्रिझल क्षमतेने पाऊस लागतो. तो पाच टर्न टिकतो, पेलिपरच्या हाती डँप रॉक असेल तर आठ. पावसात वॉटरचा जोर दीडपट, फायरचा निम्मा, आणि स्विफ्ट स्विम क्षमतावाल्यांचा वेग दुप्पट. बॅरास्क्यूडा आधीच वेगवान, पावसात तर त्याला गाठणारं जवळजवळ कोणी उरत नाही. वेग दीडपट करणारा चॉइस स्कार्फ बांधलेला गारचॉम्प ४९९ वर जातो, तोही मागे पडतो.

शिकण्यासारखं खरं काम टर्न मोजण्याचं. मी तोंडाने मोजायचो. पेलिपर आला, एक. यू-टर्न (मारून लगेच बाहेर पडायचा मूव्ह) मारून बॅरास्क्यूडाला आत आणलं, दोन. समोरच्याने प्रोटेक्ट केलं की एक टर्न फुकट गेला. म्हणून पेलिपर जिवंत ठेवणं हेच माझं पहिलं काम झालं. त्याला इलेक्ट्रिक चौपट लागतं, म्हणून शेजारी ग्राउंडवाला ग्रेट टस्क ठेवला. समोरही हवामान लावणारा असेल आणि दोघं एकदम मैदानात आले तर मंद असतो त्याचं हवामान टिकतं, कारण ते नंतर लागतं. हे कळल्यापासून पेलिपरला वेगाचे ईव्ही देणं मी बंद केलं.

शिरपूर

माझा धाकटा भाऊ आणि मी एकाच लॅपटॉपवर खेळतो. व्होल्कारोना त्याच्या फार आवडीचा. बग-फायर असल्यामुळे समोरच्याने टाकलेले स्टेल्थ रॉक, म्हणजे टोचणारे दगड, पडलेले असताना तो नुसता मैदानात आला तरी निम्मं रक्त जातं. हे दगड प्रकार बघून टोचतात: साध्याला साडेबारा टक्के, रॉक दुप्पट लागणाऱ्याला पंचवीस, चौपट लागणाऱ्याला पन्नास. भाऊ हिरमुसला. त्याच्या हाती हेवी-ड्यूटी बूट्स दिले की दगड लागत नाहीत, हे दाखवल्यावर त्याने तीच लढत पुन्हा खेळायला लावली.

आमची टीम उभी राहिली ती वहीमुळे. प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहायचं: हा बाकीच्या पाचांसाठी काय करतो? ‘लई मारतो’ हे उत्तर चालणार नाही असं मी बजावलं होतं. ‘दगड टाकतो’, ‘दगड रॅपिड स्पिनने उडवतो’, ‘रॉकवाल्याला घालवतो म्हणजे व्होल्कारोनाला वाट मोकळी’, अशी उत्तरं. ज्याच्यापुढे वाक्य सुचेना त्याला काढलं. मग एक दिवस तोच मला म्हणाला, “ताई, तुनी टीममा पानीवाला कोठे शे?” खरंच माझ्या टीममध्ये फायर झेलणारं कोणी नव्हतं. त्या प्रश्नाचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तो आता टीमकडे टीम म्हणून बघायला लागला होता.

यावल

आमच्याकडे गोच चालतं. शेतात केळीच्या बागेत पोकेस्टॉप कुठले, बाजाराच्या दिवशी गावात गेलं की गोळे भरून घ्यायचे. गोच्या लढतीत टीम तिघांची, ढाली दोन, आणि ग्रेट लीगला १५०० सीपीची (पोकेमॉनच्या ताकदीच्या आकड्याची) मर्यादा. ही मर्यादाच गरिबाच्या कामाची आहे असं मी मानतो. मोठमोठे लेजेंडरी तिथे लागत नाहीत.

एक गोष्ट सगळ्या नवख्यांना उलटी वाटते. चार तारे, पैकीच्या पैकी आयव्ही (जन्मजात गुण), तो पोकेमॉन ग्रेट लीगला बहुधा सर्वोत्तम नसतो. सीपीच्या हिशोबात अटॅकचं वजन जास्त. अटॅक कमी आणि बचाव, रक्त जास्त असलेला पोकेमॉन १५०० च्या आत अधिक लेव्हल चढतो आणि जास्त वेळ तगतो. मित्र ट्रान्सफर करायला निघालेले मॅरिल मी मागून घेतले ते यासाठीच, मॅरिलचाच पुढे अझुमॅरिल होतो.

माझे तिघं: अझुमॅरिल, स्कार्मरी, स्वॅम्पर्ट. अझुमॅरिलला ग्रास, पॉयझन आणि इलेक्ट्रिक जड. ग्रास, पॉयझन स्कार्मरी झेलतो. इलेक्ट्रिकने अझुमॅरिल आणि स्कार्मरी दोघंही जातात, तिथे स्वॅम्पर्ट उभा राहतो. स्वॅम्पर्टला ग्रास अतिशय जड, पुन्हा स्कार्मरी. जळगावच्या दादांनी वर लिहिलं तोच हिशोब तीन जणांत बसवलेला आहे. मे महिन्यात दुपारी मात्र खेळू नये. आपल्याकडच्या उन्हात फोन तापून अडखळतो, आणि गोमध्ये एक टॅप हुकला तरी महागात पडतं.

साक्री, सध्या सुरत

नोकरी सुरतेला, आखाजीला गावी येतो तेव्हा मामे-मावस भावांबरोबर डबल्स. अधिकृत स्पर्धांचा प्रकार हाच: सहा घेऊन जायचे, समोरच्याचे सहा बघून चार निवडायचे, सगळे लेव्हल ५०, एक आयटम दोघांकडे नको.

माझी पहिली टीम ट्रिक रूमची. ट्रिक रूम लागली की मंद असतो तो आधी खेळतो. पाच टर्न म्हणतात, पण त्यात लावण्याचा टर्न धरलेला असतो, हाती चारच येतात. एक लढत सविस्तर सांगतो, कारण या टीमचं सगळं मर्म तिच्यात आहे. माझ्याकडून इंडीडी मादी आणि हॅटरीन. समोरून इन्सिनरोअर आणि टॉर्नाडस. इन्सिनरोअर फेक आउटने हॅटरीनला दचकवणार आणि ट्रिक रूम रोखणार, ही ठरलेली चाल. पण इंडीडी येताच सायकिक टेरेन पसरतं आणि जमिनीवर उभ्या असलेल्यांवर समोरच्याचे प्राधान्याचे मूव्ह चालतच नाहीत. फेक आउट गेला. वर इंडीडीचा फॉलो मी, म्हणजे हॅटरीनकडे निघालेला मारही तिने अंगावर घेतला. टॉर्नाडसने टेलविंड लावून आपल्या बाजूचा वेग दुप्पट केला. ट्रिक रूम टर्नमध्ये सगळ्यात शेवटी लागते, ती लागली, आणि तो दुप्पट वेगच आता त्यांचा अडथळा झाला. पुढच्या टर्नला इंडीडी बाहेर, टॉर्कोल आत, त्याच्या क्षमतेने ऊन पडलं. टॉर्कोलचा मूळ वेग २०, वेगाचे आयव्ही शून्य, नेचर वेग घटवणारं क्वाएट. त्यानंतर पूर्ण रक्तावर इरप्शन: १५० चा जोर, उन्हाने दीडपट, दोघांवर एकदम. मावसभाऊ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “दादा, माले बी शिकाड.” त्या रात्री ओट्यावर बसून त्याची टीम लिहून काढली.

या टीमला टॉन्टची, म्हणजे ट्रिक रूमसारखे न मारणारे मूव्ह बंद पाडणाऱ्या मूव्हची, भीती सगळ्यात मोठी. हॅटरीनची मॅजिक बाउन्स क्षमता टॉन्ट उलटवते, म्हणून बाकी कोणापेक्षा ट्रिक रूम लावायला तीच बरी.

अमळनेर

जळगावच्या दादांशी थोडा मतभेद आहे. दुबळ्या बाजू जुळवत गेलं की सगळ्यांच्या टीम सारख्या दिसायला लागतात. माझ्या मते सुरुवात आवडत्या पोकेमॉनपासून करावी, मग तो यादीत कितीही खाली असो. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत वॉशिंग्टनला दक्षिण कोरियाच्या पार्क से-जुनने पाचिरिसू घेऊन विजेतेपद मिळवलं. ती एवढीशी विजेची खार. पण ती हट्टापायी घेतलेली नव्हती. तिचा फॉलो मी, आणि व्होल्ट अॅब्सॉर्ब ही क्षमता: इलेक्ट्रिक लागलं की दुखत नाही, उलट रक्त भरतं. शेजारी गायराडोस, ज्याला इलेक्ट्रिक चौपट. त्याच्यावर आलेली वीज खार ओढून घेणार. आवडत्यासाठी असं काम शोधून द्यायचं, जे दुसऱ्या कोणाला तितकं जमत नाही. मी हे काम शोधण्यात पुष्कळ संध्याकाळी घालवल्या आहेत आणि त्यातली एकही वाया गेली असं मला वाटत नाही.

नंदुरबार

मी गणित शिकवते. मुलगा आठवीत, तो खेळतो, मी शेजारी बसते. अठरा प्रकारांचा तक्ता आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलेला आहे आणि भाजी परतताना तो मला प्रश्न विचारतो. एकदा त्याच्या टीममध्ये सर्फ ठेवायचा की हायड्रो पंप यावर अडलं होतं. सर्फचा जोर ९०, शंभर टक्के लागतो. हायड्रो पंपचा ११०, पण ८० टक्केच. मी म्हटलं, सरासरी काढ. ११० चे ८० टक्के म्हणजे ८८, सर्फपेक्षा कमी. लागोपाठ दोनदा लागायची शक्यता ६४ टक्के. तो विचार करून म्हणाला, “आई, पण समोरचा सर्फने वाचत असेल आणि पंपने एका फटक्यात जात असेल तर?” मुद्दा बरोबर होता. मग आम्ही डॅमेज कॅल्क्युलेटर उघडला. मार दर वेळी ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेही पडतो, तिथे सोळा शक्यता दिसतात. त्याच्या टीमला ज्यांची भीती होती त्यांतल्या बहुतेकांना सर्फ पुरत होता. सर्फ राहिला. पालकांनी हा खेळ एकदा शेजारी बसून बघावा, अशी मनापासून विनंती.

चोपडा

वाचून उत्साह आला. एक विचारू? दुसऱ्याची तयार टीम उचलून खेळणं चालतं का?

धागाकर्ता, जळगाव

@चोपडा, अवश्य चालतं, आणि मी तर नवख्याला तेच सुचवतो. स्मोगॉन या स्पर्धात्मक पोकेमॉनच्या वेबसाइटवर नमुना टीम मिळतात, मजकूर चिकटवला की शोडाउनमध्ये येतात. मात्र पहिल्या हरलेल्या लढतीनंतर ती टाकून दुसरी उचलू नका. लढतीचा रिप्ले जतन करा, परत बघा, आणि सतत एकाच पोकेमॉनपुढे टीम कोसळते का ते शोधा. मग एकाच जागी बदल करा, आयटम किंवा मूव्ह किंवा एक पोकेमॉन. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. दर महिन्याला कोण किती वापरलं जातं याची आकडेवारीही स्मोगॉन देतं. वरच्या दहांपुढे आपल्याकडे काय उत्तर आहे, एवढं लिहून काढलं तरी अर्धी टीम तपासून होते.

@अमळनेर, तुमचं पटलं. आवडत्या पोकेमॉनला जोडीतला पहिला धरू या, दुसरा हिशोबाने.

शिरपूर

भुसावळच्या दादांना प्रश्न: आमच्या टीमला पावसापुढे काय करावं सुचेना. व्होल्कारोनाचा फायर निम्मा होतो आणि वेगात बॅरास्क्यूडा पुढे जातो.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

@शिरपूर ताई, बॅरास्क्यूडा बहुतेक वेळा चॉइस बँडवर असतो, म्हणजे एका मूव्हमध्ये अडकतो. वॉटर झेलणारा एक जण ठेवा. वॉटर अॅब्सॉर्बवाला क्लॉडसायर असेल तर उत्तमच, मार लागायच्या ऐवजी रक्त भरतं. त्याला आत आणलं की बॅरास्क्यूडाला माघार घ्यावी लागते, आणि पावसाचा एक टर्न जातो. क्लॉडसायर स्टेल्थ रॉकही टाकतो. पेलिपर फ्लाइंग आहे, दर वेळी आत येताना पाव रक्त जाईल, मग पाऊस लावायला तो किती वेळा येणार? बूट्स घातलेला पेलिपरही भेटतो, पण मग त्याच्याकडे डँप रॉक नसतो, पाऊस पाचच टर्न. भावाला सांगा, वहीत क्लॉडसायरपुढे दोन वाक्यं लिहिता येतील.