नवीन फोनवर ‘ऑन’ द्यायचा का?

(जुळे सोलापूर, सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

ए-१०४ काकू: एक विचारायचं होतं. धाकट्याला नुकताच बाजारात आलेला फोन पाहिजे. नवी पेठेतल्या एका दुकानात एकच पीस आहे म्हणे. डब्यावरच्या किमतीवर ८,००० ऑन, म्हणजे वरचे जादा पैसे मागतोय, तेही रोख. बिल छापील किमतीचंच देणार. हे बरोबर आहे का?

सी-२०१ अण्णा: माल कमी, गिऱ्हाईक जास्त, मग भाव चढणारच की ओ. मार्केट यार्डात कांद्याची आवक घटली की भाव वर जातो. तेव्हा शेतकऱ्याला कुणी लुटारू म्हणतं का?

बी-३०२: अण्णा, आवक वाढली की तोच शेतकरी मातीमोल भावानं विकतो. तोटा त्याच्याच अंगावर, आणि लिलाव चारचौघांत. या दुकानदाराला कसला तोटा? आज नाही खपला तर पुढच्या आठवड्यात छापील किमतीला विकेल.

सी-२०१ अण्णा: भांडवल अडकतं त्याचं. कंपनी एका फोनमागं कितीसं सोडते? भाडं, पोरांचे पगार कुठून काढायचे? मी स्वतः धंद्यात आहे म्हणून सांगतो.

बी-३०२: मार्जिन कमी आहे हे मान्य. ते भांडण त्यानं कंपनीशी करावं. कंपनीनंच किंमत जास्त ठेवली तर माझी तक्रार नाही. जाहीर असते, सगळ्यांना सारखी असते, परवडलं तर घ्यायचं. प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, किंमत ४९,९९०. बुकिंग काही मिनिटांत संपलं, आणि मग तेच डबे चढ्या भावानं विकायला निघाले. चिपची टंचाई जगभर होती, ती खोटी नव्हती. पण वरचे पैसे चिपच्या कारखान्यात गेले नाहीत, त्यातून एकही मशीन जास्त बनलं नाही. आधी बुकिंग मारून बसलेल्यांनी ते खाल्ले. मला राग त्याचा आहे.

डी-४०३: मध्येच विचारते, पाणी उद्या का परवा?

ए-२०२: उद्या पहाटे.

ए-३०३ काका: मी वजनमापे खात्यात होतो म्हणून बोलतो. एमआरपी सगळे कर धरून असते. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे त्यावर एक रुपया घेता येत नाही, टंचाई असो नाहीतर नसो. काकू, बिल छापील किमतीचं आणि वरचे रोख, म्हणजे ते ८,००० तुम्ही दिलेच नाहीत असं कागद सांगणार. उद्या तक्रार कशाच्या जोरावर करणार?

ए-१०४ काकू: तो म्हणतो, ऑन नको असेल तर कव्हर, ग्लास आणि इअरफोनचा कॉम्बो घ्या. त्याशिवाय फोन देणार नाही.

ए-३०३ काका: ती सक्तीही चालत नाही. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गैर ठरवली आहे. १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे.

सी-२०१ अण्णा: बिलाबाहेर घेणं मलाही पटत नाही. घ्यायचं ते पावतीवर घ्यावं. पण टंचाईत भाव वाढू नये, हे मी मानणार नाही.

बी-१०१ ताई: काकू, थोडं थांबलं तर काय बिघडतं? पहिला आयफोन जून २००७ मध्ये अमेरिकेत ५९९ डॉलरला आला आणि सप्टेंबरमध्येच ३९९ वर. आधी घेतलेले इतके चिडले की कंपनीला त्यांना तिच्याच दुकानात वापरायला १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. दरवेळी किंमत उतरेल असं नाही, पण माल येतो. मग ऑन कोण मागतंय?

ए-१०४ काकू: त्याला सांगून बघते. कॉलेज सुरू व्हायला महिना आहे अजून. तरी उद्या एकदा दुकानात जाऊन छापील किमतीला देतो का विचारीन म्हणते.

ए-३०३ काका: ११ नंतर चला, मी येतो बरोबर. डब्यावरच्या किमतीचा फोटो आधी काढून ठेवू, मग बोलू.