ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) आजारपण लाभाचे ९१ दिवस संपत आलेत, मणक्याच्या ऑपरेशननंतर कामावर कसं हजर व्हायचं?

पाथर्डीफाटा_२

नमस्कार. मिस्टर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये (मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे) ऑपरेटर आहेत. सहा वर्षं झाली, कायम आहेत, ग्रॉस १८,०००, ईएसआय कापला जातो. कमरेतली गादी सरकून नस दबली. सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलातून रेफर करून घेतलं आणि जानेवारीअखेर ऑपरेशन झालं. १२ जानेवारीपासून अनफिट सर्टिफिकेट सलग चालू आहे, मध्ये खंड नाही.

विचारायचं हे की खात्यात दिवसाला साधारण ४१३ रुपयांच्या हिशेबाने पैसे येतात. १८,००० म्हणजे रोजचे ६००, त्याचे ७० टक्के ४२० व्हायला हवेत ना? दुसरं, ९१ दिवस झाले की पैसे बंद होतात असं सगळे सांगतात. सर्जन तर एप्रिल संपेपर्यंत थांबा म्हणतात, मग मधल्या दिवसांचं काय? तिसरं, कंपनीतून निरोप आलाय की अर्धा दिवस येऊन बसा, मस्टरला लावत नाही, रोख देऊ, ईएसआय चालू राहू द्या. आणि शेवटचं, सर्जनने 'हलकं काम चालेल' एवढंच लिहून दिलंय आणि कंपनी म्हणते आमच्याकडे हलकं काम नावाचा प्रकार नाही.

क्लेमखिडकी

ताई, आधी पैशांचं. आजारपण जानेवारी ते जून या लाभ कालावधीत सुरू झालं, तर हिशेब मागच्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरच्या पगारावर होतो. ईएसआय महिन्याचा पगार तीसने भागत नाही. त्या सहा महिन्यांचा एकूण पगार भागिले कंपनीने भरलेले पगारी दिवस, असा रोजचा सरासरी पगार निघतो. १,०८,००० भागिले १८३ म्हणजे ५९०.१६, त्याचे ७० टक्के ४१३. म्हणजे तुमचा आकडा बरोबर आहे. ज्या कंपन्या साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिन्याला २६ दिवस भरतात, तिथे त्याच पगारावर ४८४ च्या आसपास येतात. म्हणून शेजारच्या युनिटमधल्या माणसाशी तुलना करू नका, दोघांचे भरलेले दिवस वेगळे असतात.

आता ९१ दिवस. पहिले दोन दिवस, १२ आणि १३ जानेवारी, प्रतीक्षेचे असतात, त्यांचे पैसे नाहीत. मोजणी १४ जानेवारीपासून. जानेवारीचे १८, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ आणि एप्रिलचे १४ धरून ९१ होतात. म्हणजे साधा आजारपण लाभ १४ एप्रिलला संपतो. हे ९१ दिवस लागोपाठच्या दोन लाभ कालावधींना मिळून आहेत, त्यामुळे जुलै ते डिसेंबरमध्येही पुन्हा साधा लाभ मिळणार नाही. हे फार जणांना माहीत नसतं आणि पावसाळ्यात साध्या तापाचं सर्टिफिकेट घेऊन गेल्यावर कळतं.

पण पैसे बंद होतात हे तुमच्या बाबतीत खरं नाही. ईएसआयकडे ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणं आणि मणक्यातली गादी सरकणंही त्यात आहे. या आजारांना ९१ दिवसांनंतर विस्तारित आजारपण लाभ मिळतो, ७० नाही तर ८० टक्क्यांनी. तुमच्या हिशेबात दिवसाला सुमारे ४७२. अटी दोन. आजार सुरू झाला तेव्हा सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी आणि आधीच्या चार अंशदान कालावधींत (विम्याची वर्गणी भरण्याचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून किमान १५६ दिवसांचं अंशदान हवं. सहा वर्षं कायम असलेल्याला दोन्ही सहज पुरतात.

अडकतं ते एका शब्दावर. दवाखान्यातल्या सर्टिफिकेटवर घाईत 'बॅक पेन', 'सायटिका' किंवा 'लंबर स्पाँडिलोसिस' लिहिलेलं असतं. ही नावं यादीत नाहीत. यादीतलं नाव 'प्रोलॅप्स ऑफ इंटरव्हर्टिब्रल डिस्क' आहे. आजच घरातली सगळी सर्टिफिकेटं काढून निदानाच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा. तिथे दुसरं काही असेल तर एमआरआय रिपोर्ट, ऑपरेशन नोट्स आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन सातपूरला अस्थिरोग विभागात जा आणि तज्ज्ञांकडून नेमकं निदान व अंदाजे आणखी किती आठवडे विश्रांती हे लिहून घ्या. तो कागद दवाखान्याच्या डॉक्टरांना दाखवला की पुढची सर्टिफिकेटं त्याच नावाने निघतात. हे १४ एप्रिलच्या आधी व्हायला हवं. नंतरही होतं, पण महिना-दीड महिना खात्यात काही येत नाही आणि घरचा हप्ता थांबत नाही.

मधली सर्टिफिकेटं सात दिवसांची असतात. आजार लांबणार हे स्पष्ट असेल, तर पहिल्या २८ दिवसांनंतर चार आठवड्यांपर्यंतचं एकच विशेष सर्टिफिकेट देता येतं. कमरेचं ऑपरेशन झालेल्याला दर आठवड्याला रांगेत उभं करण्यापेक्षा ते मागून घ्या. शाखा कार्यालयाकडून मेडिकल रेफरीच्या (ईएसआयचे फेरतपासणी करणारे डॉक्टर) तपासणीचं पत्र आलं तर ती तारीख चुकवायची नाही. सांगून न जाता गावीही जायचं नाही, उपचार चालू असताना क्षेत्र सोडायला डॉक्टरांची परवानगी लागते. या दोन कारणांनी लाभ अडकलेला असला की माणूस वर्षभर 'सिस्टिमचा प्रॉब्लेम' समजून फिरत राहतो.

मस्टर_आणि_चलन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देतो. जाऊ नका. एकही अर्धा दिवस नको.

ज्या दिवशी माणूस काम करतो किंवा पगारी रजेवर, पगारी सुट्टीवर असतो, त्या दिवसाचा आजारपण लाभ मिळत नाही. अर्ध्या दिवसाचा लाभ असा प्रकारच नाही. शाखा कार्यालय फॉर्म १० पाठवून कंपनीला विचारतं की हा माणूस या तारखांना खरंच गैरहजर होता का. तेव्हा गेट रजिस्टर, सीसीटीव्ही, उत्पादनाच्या शीटवरची सही, काहीही निघू शकतं. निघालं की लाभाची वसुली होते आणि खोटा दावा केल्याचा गुन्हाही लागतो. तो तुमच्या मिस्टरांवर, कारण दाव्यावर सही त्यांची असते. त्याहून वाईट म्हणजे त्या रोखीच्या दिवसांत प्रेसवर बोट गेलं तर कागदोपत्री ते तिथे नव्हतेच. कंपनीची गरज समजू शकते, पण तिची किंमत त्यांनी मोजू नये.

पगारी सुट्ट्यांचं तसंच आहे. २६ जानेवारी या आजारपणात येऊन गेली, पुढे १ मे येईल. कंपनीने त्या दिवसाचा पगार दिला असेल तर त्या दिवसाचा लाभ घ्यायचा नाही. एका दिवसाचे ४१३ रुपये असतात, पण फॉर्म १० मध्ये तेवढ्यावरून अख्खा क्लेम थांबतो. जानेवारीची पगारपावती काढून बघा. दिवाळीचा बोनस मात्र यात धरत नाहीत, तो घेतल्याने लाभाला धक्का लागत नाही.

आता एक गोष्ट जी कामगार कधीच तपासत नाही. पगार शून्य असलेल्या महिन्यात कंपनी ईएसआयच्या मासिक भरण्यात कारणाचा कोड टाकते. रजेवर असेल तर कोड १. नोकरी सोडली असेल तर कोड २, सोबत शेवटच्या कामाची तारीख. कंत्राटी पेरोलवाल्यांकडून घाईत २ पडतो आणि मग पोर्टलवर माणूस नोकरीतच नाही असं दिसतं. विस्तारित लाभ अडतो आणि औषधोपचाराची पात्रताही. महिन्यातून एकदा आयपी नंबरने (विमा कार्डावरचा क्रमांक) लॉगिन करून अंशदानाचा तपशील बघा, फेब्रुवारी आणि मार्चसमोर काय आहे ते. चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज कंपनीनेच शाखेकडे द्यायचा असतो, तुमच्या अर्जाने होत नाही. पीएफच्या पासबुकातही हे महिने रिकामे दिसतील, ते बरोबर आहे. तिथे विनाअंशदान दिवस दाखवतात, नोकरीत खंड धरत नाहीत.

आणखी एक हिशेब करून ठेवा. पुढच्या जानेवारी ते जूनच्या लाभासाठी या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांचं अंशदान लागतं. लाभाचे दिवस त्यात मोजत नाहीत. महिन्याचे सगळे दिवस भरणाऱ्या तुमच्या कंपनीत १५ जुलैला हजर झालं तरी ७८ बरोबर भरतात, पण एक दिवस बिनपगारी गेला की संपलं. मेच्या सुरुवातीला हजर झाले तर काळजी नाही. ऑक्टोबर ते ११ जानेवारीचे १०३ दिवस आधीच भरलेले आहेत, त्यामुळे जुलै ते डिसेंबरचे औषधोपचार सुरक्षित आहेत.

प्रेसशॉप_सेफ्टी

पैशांचं वरच्यांनी सांगितलं. मला कामाबद्दल सांगायचंय. पण आधी एक प्रश्न, दुखणं कंपनीत एखादी जड वस्तू उचलताना एकदम सुरू झालं का? तसं असेल तर तो कामावरचा अपघात ठरू शकतो, अपघात अहवाल जायला हवा होता. त्यात ९० टक्के मिळतात, तुमच्या हिशेबात दिवसाला ५३१, आणि ९१ दिवसांची मर्यादाही नाही.

पाथर्डीफाटा_२

नाही दादा, दीड-दोन वर्षं हळूहळू वाढत गेलं. एका दिवशी झालं असं नाही.

प्रेसशॉप_सेफ्टी

मग विस्तारित लाभच योग्य. ओढूनताणून अपघात दाखवू नका.

'हलकं काम' या दोन शब्दांना शॉप फ्लोअरवर काही अर्थ नाही. सुपरवायझरला आठ किलोची पेटी हलकी वाटते आणि ती दिवसात दोनशे वेळा उचलायची असते. सर्जनकडून आकड्यांत लिहून घ्या: एका वेळी जास्तीत जास्त किती किलो, तासाला किती वेळा, कमरेतून वाकणं आणि वळणं चालेल का, सलग किती वेळ उभं राहायचं, ओव्हरटाइम आणि रात्रपाळी किती आठवडे नको, पुन्हा तपासणी कधी. एवढं असलं की कंपनीला 'आमच्याकडे हलकं काम नाही' म्हणून विषय संपवता येत नाही, तिला एकेका कामाबद्दल बोलावं लागतं.

प्रेस शॉपमध्ये अशी कामं असतात. गेज लावून पार्ट तपासणं, पॅकिंग टेबल, टूल रूममधून माल देणं-घेणं, स्टोअरच्या नोंदी. प्रेसवरच बसवायचं असेल तर पायाच्या पेडलवाला प्रेस टाळा. एक पाय पेडलवर आणि सगळा भार दुसऱ्यावर, असं आठ तास केल्यावर कंबर एका बाजूला ओढली जाते. दोन हातांच्या बटणांचा प्रेस बरा. तयार पार्टची पेटी जमिनीवर नको, कोपराच्या उंचीला स्टँडवर ठेवा. खरा घात स्क्रॅपचा बिन करतो. ऑपरेटर पार्ट जपून उचलतो आणि पाळी संपताना भरलेला बिन एकट्याने ओढतो, तोही कमरेत वळून. बिन अर्धा भरला की ट्रॉलीवर, आणि ते काम हेल्परचं, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

हजर व्हायच्या आधीचे दोन आठवडे घरी पाळीसारखा दिवस काढा. वेळेवर उठणं, चालणं, ओट्याशी उभं राहून वीस-तीस मिनिटांचं काम, मग पाच मिनिटं बसणं, पुन्हा उभं. असे चार तास न दुखता गेले तर पुढे जा. मोटारसायकलवर स्पीडब्रेकरचे धक्के थेट मणक्यात बसतात, पहिले काही दिवस सिटीलिंकच्या बसने किंवा कोणाच्या चारचाकीतून जाता आलं तर बघा. पाय उचलताना पाऊल लोंबतंय, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे, लघवी अडते किंवा कळत नाही, यातलं काहीही झालं तर सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल.

क्लेमखिडकी

हजर होण्याच्या कागदांबद्दल राहिलंच. फायनल सर्टिफिकेट, म्हणजे कामाला फिट असल्याचं, फक्त ईएसआयच्या डॉक्टरांचं चालतं, बाहेरच्या सर्जनचं फिट सर्टिफिकेट त्याला जोडायचं. फिट होण्याची तारीख तपासणीपासून तिसऱ्या दिवसाच्या पुढची टाकता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. तपासणीच्या आठ-दहा दिवस आधी कंपनीला अर्ज द्या: अमुक सुमारास हजर होत आहे, सर्जनचे निर्बंध सोबत, काम कोणतं देणार ते कळवा. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आल्यावरच फायनलला जा. उलट केलं की माणूस फिट ठरतो, लाभ थांबतो आणि गेटवर 'साहेब सोमवारी येतील' सांगतात. त्या दिवसांचे ना पगार, ना लाभ.

गेटवर परत पाठवलंच तर त्याच दिवशी लेखी कारण मागा, न दिल्यास रजिस्टर पोस्टाने हजर झाल्याचं पत्र टाका आणि त्याची प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात द्या. सर्टिफिकेट चालू असताना कामावरून काढण्याची नोटीस आली तर ती कायद्याने वैध नसते. लिफाफ्यासकट जपून ठेवा, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीखच कामाला येते.

हजर झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा अनफिट व्हावं लागलं, तर दोन दिवसांची प्रतीक्षा पुन्हा लागत नाही. म्हणून त्रास होत असेल तर पंधरा दिवस ओढत बसू नका, बाराव्या दिवशीच दाखवा.

मस्टर_आणि_चलन

शक्य असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दोन दिवस आधीची तारीख घ्या. दोन दिवस काम, एक दिवस आराम, मग पूर्ण आठवडा. सलग सहा दिवसांनी सुरुवात केलेले पाचव्या दिवशी कमरेला पट्टा बांधून येतात.

आणि वेतनकरार होऊन पगार २१,००० च्या वर जाणार असेल तर घाबरून वाढ नाकारू नका. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्ये कधीही वाढला तरी सप्टेंबरअखेर अंशदान चालू राहतं आणि त्याच्या जोरावर पुढच्या ३० जूनपर्यंत लाभ मिळतो. एमआरआयची पुढची तपासणी त्याआधी करून घ्या.

पाथर्डीफाटा_२

सगळ्यांचे आभार. सर्टिफिकेटं काढून बघितली. पहिल्या तिन्हींवर 'लो बॅक एक' (कंबरदुखी) आहे, ऑपरेशननंतरच्यांवर 'पीआयव्हीडी'. चालेल का?

क्लेमखिडकी

पीआयव्हीडी म्हणजे तेच निदान, चालेल. पहिल्या तीन सर्टिफिकेटांसाठी तज्ज्ञांच्या पत्रात 'आजाराची सुरुवात १२ जानेवारीपासून' एवढी ओळ मागून घ्या, म्हणजे सगळं एकच आजारपण धरलं जाईल. पत्राच्या दोन झेरॉक्स काढा, एक दवाखान्यात, एक शाखेत. मूळ पत्र घरी.