बाळाला ताप नाही, फुप्फुसं स्वच्छ, मग इन्फेक्शनने श्वास का थांबतो?

बाळाची_आत्या
नमस्कार. माझी भाची ३० आठवड्यांत जन्मली, वजन १३०० ग्रॅम. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) निघाला होता, नळीने दूध पचत होतं, वहिनी तिला छातीशी घेऊन बसायची. परवा संध्याकाळपासून ती मधेच श्वास घ्यायचीच थांबते. मॉनिटर वाजतो, सिस्टर तळपायाला टिचकी मारतात, मग पुन्हा घेते. डॉक्टर म्हणाले, रक्तात इन्फेक्शन असावं. कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) पाठवलंय, अँटिबायोटिक सुरू आहे. पण ताप अजिबात नाही आणि एक्सरेही चांगला आहे. माझ्या सासऱ्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा ते धापा टाकत होते. हिचं उलटं कसं? डॉक्टरांना सारखं विचारायला संकोच वाटतो.

रातपाळीची_सिस्टर
ताई, कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं ते योग्यच झालं. बरं चाललेल्या बाळाला अचानक एपनिया (श्वास थांबणं) येऊ लागले की आम्ही ताप शोधत बसत नाही, आधी इन्फेक्शनचाच विचार करतो. एवढ्या लहान जिवाला ताप येतोच असं नाही. कित्येकदा हातपाय गार पडतात, रंग मातकट होतो, पोट फुगतं.

होतं असं, की जंतूंशी लढताना शरीर इंटरल्यूकिन-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. ते मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागलं की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं. मोठ्या माणसाला ताप चढतो तो याच पदार्थाने. बाळात तो मेंदूच्या तळाशी, जिथून श्वासाची लय चालते तिथे पोचतो आणि ती लयच दाबून टाकतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ साली उंदरांच्या पिल्लांमध्ये हा मार्ग दाखवला.

आम्हाला वॉर्डात हे वेगळ्या प्रकारे दिसतं. जन्मजात हृदयविकाराच्या काही बाळांना डक्टस नावाची हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन ई-१ ची ड्रिप लावतात. इन्फेक्शनचा पत्ता नसतानाही त्या ड्रिपवर बाळ श्वास थांबवू शकतं. म्हणून ती लावली की अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क बाळाच्या उशाशी जोडून ठेवायचा, कपाटात नाही. हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगते.

फिजिऑलॉजीचा_मास्तर
सिस्टरांनी मेंदूची बाजू सांगितली, मी मानेची सांगतो. कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा कॅरोटिड बॉडी नावाचा अवयव असतो. रक्तातला ऑक्सिजन घटला की तोच मेंदूला कळवतो. या कामासाठी कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. तुमच्या सासऱ्यांची धाप बरीचशी त्यानेच लावली असणार. शिवाय फुप्फुसात जे-रिसेप्टर नावाची संवेदना टिपणारी टोकं असतात, ती दिल्लीच्या डॉ. ऑटार पेंटल यांनी शोधली. तीही श्वास जलद आणि उथळ करतात. दाहाने कॅरोटिड बॉडी जास्त हळवीही होते. कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या उंदरांत तिच्यात दाहाच्या पेशी शिरतात आणि आयब्युप्रोफेन (दाह कमी करणारं औषध) दिलं तर तिची वाढलेली संवेदना रोखली जाते.

तुमच्या भाचीत हा अवयव अजून कच्चा आहे. गर्भात ऑक्सिजन कमीच असतो, बाहेरच्या पातळीला जुळायला त्याला वेळ लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा ऑक्सिजन घटला तर ते एखाद मिनिट जोरात श्वास घेतं आणि मग मंदावतं. म्हणजे लय दाबली गेली, आणि सावरणारा गजरही क्षीण.

बाळाची_आत्या
आता कळलं. पण श्वासासाठी दिलेलं कॅफीन चालू होतं, तरी कसं झालं? आणि ते आयब्युप्रोफेन देता येईल का?

रातपाळीची_सिस्टर
कॅफीन अडिनोसिन नावाच्या, श्वास मंदावणाऱ्या पदार्थाला अडवतं, प्रोस्टाग्लँडिनला नाही. म्हणून इन्फेक्शनमध्ये ते अपुरं पडतं. आयब्युप्रोफेनचं मनातही आणू नका. डक्टस बंद करायला ते काही बाळांना देतात, पण ते डॉक्टरांनी लघवी आणि किडनीवर नजर ठेवून. इथला दाह औषधाने जंतू मेले की उतरतो.

डॉक्टरांना बेधडक विचारा: सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) किती आला, सीपॅप पुन्हा लागणार का, कमरेतलं (मणक्यातलं) पाणी तपासायचं आहे का. दूध बंद ठेवलं असेल तरी वहिनींनी दर दोन-तीन तासांनी काढत राहायचं, रात्रीसुद्धा. एनआयसीयूत ते फ्रीजमध्ये ठेवतात, तारीख-वेळ लिहून द्या.