कायरल कॉलम एवढ्यात भंगारात काढू नका
भाऊ, वरच्या पोस्टमध्ये तुम्ही म्हणता की औषधाच्या रेणूची डावी-उजवी (आरशातल्या प्रतिमेसारखी) रूपं ओळखणारे चमकणारे सेन्सर आले, आता ती रूपं वेगळी करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचे महागडे कायरल कॉलम (खास नळ्या) हवेत कशाला! जरा थांबा. सेन्सरचा रेणू स्वतःच एका हाताचा, म्हणजे फक्त डावा किंवा फक्त उजवा असतो, बरेचदा बायनॉल नावाच्या अशाच रेणूपासून बनवलेला. औषधाचं डावं-उजवं रूप त्याला कमी-जास्त घट्ट धरतं, म्हणून चमक वेगळी दिसते. 96 खळ्यांची प्लेट काही मिनिटांत वाचून होते. ढीगभर नमुने चाळायला झकास. पण चमक एकूण मात्रेवरही ठरते, म्हणजे मात्रा आणि रूपांचं प्रमाण वेगळं काढायला आणखी एक मोजमाप आलंच. त्यात आपल्या जळगावचा मे महिना! तापमान चढलं की फ्लुओरेसन्स, म्हणजे ही चमक, सहसा उतरतो. एसी बंद पडला तर सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी कुचकामी. एथाम्ब्युटॉलचं ‘एस,एस’ नावाचं एक रूपच क्षयावर खरं गुणकारी. अशा औषधाच्या बॅचवर मी तरी कॉलमचा आलेख बघूनच सही करेन.

आणि रूपं तपासण्याच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं थॅलिडोमाइडचं (गर्भात व्यंग आणणाऱ्या औषधाचं) उदाहरण इथे लागू नाही. त्याची दोन्ही रूपं शरीरात आपोआप एकमेकांत बदलतात, त्यामुळे एकाच रूपाची कितीही शुद्ध गोळी दिली असती तरी धोका टळला नसता.